वाडा पडण्यापूर्वी

पुण्याहून सातारा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की नसरापूरजवळ उजवीकडे वेल्ह्याचा रस्ता फुटतो. थोडे पुढे कापूरहोळ लागते. तिथून उजवीकडे वळले, की भोरला जाता येते. दोन्ही रस्ते सह्याद्रीच्या डोंगरांत शिरतात. एका बाजूला तोरणा आणि राजगड, दुसऱ्या बाजूला रोहिडा. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.

भोर हे नीरा नदीच्या काठचे गाव. १९४८ सालापर्यंत ते एका संस्थानाची राजधानी होते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले. त्यांचे वंशज ‘पंतसचिव’ या नावाने इथे राज्य करत. त्यांचा राजवाडा आजही गावात उभा आहे. अनेक चित्रपटांचे चित्रीकरण तिथे झाले आहे, त्यामुळे भोर न पाहिलेल्या माणसांनीही तो नकळत पाहिलेला असतो. राजवाडा सर्वांना माहीत आहे. या पाठात आपल्याला त्याच्या आसपासच्या साध्या घरांविषयी बोलायचे आहे.

समजा, भोरमधल्या एका गल्लीत तुमच्या दादाजींचे जुने घर आहे. काळ्या दगडाचे जोते, वर मातीच्या विटांची जाड भिंत, सागवानी खांब आणि कौलांचे छप्पर. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळते. घरात आता दादी आणि एक चाचा एवढीच माणसे राहतात. बाकीचे पुण्याला, मुंबईला किंवा शिरवळच्या कारखान्यांत नोकरीला गेले. घराला वारस सातजण. दरवर्षी शाकारणीचा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कौले काढून पुन्हा नीट बसवण्याचा, खर्च कोणी करायचा यावर बोलणे होते आणि तिथेच थांबते. शेवटी सगळे मिळून ठरवतात, की पुढच्या उन्हाळ्यात घर पाडायचे आणि तिथे सिमेंटची इमारत बांधायची. यात कोणाचे चुकले असे म्हणता येणार नाही. गळक्या घरात म्हाताऱ्या माणसाला ठेवणे हेही काही बरे नव्हे.

आता तुमच्या हातात एक वर्ष आहे. घर वाचवणे तुमच्या हातात नाही. पण घराची नोंद करणे नक्कीच आहे. नोंद करणे म्हणजे घर कसे होते, कशाचे होते, त्यात कोण कसे राहत होते, हे मोजून, काढून, विचारून आणि लिहून ठेवणे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या साध्या घराची नोंद कशाला? वारसा म्हणजे किल्ले आणि राजवाडे. ‘वारसा’ हा शब्द तुमच्या ‘विरासत’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही एकाच अरबी मुळातून आले. जे मागच्या पिढीकडून पुढच्या पिढीला मिळते, तो वारसा. किल्ल्यांची नोंद घेणारे पुष्कळ आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत राजगड आहे. परंतु राजगडाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचे घर कोणत्याही यादीत नसते. गड बांधणारी, गडावर धान्य पोहोचवणारी माणसे अशाच घरांत राहत होती.

घराबरोबर काय काय जाते, याचे एक उदाहरण भोर तालुक्यातच आहे. कारी या गावी जेधे देशमुखांचा वाडा आहे. कान्होजी जेधे हे शिवाजी महाराजांचे विश्वासू सहकारी. १६५९ साली अफझलखान स्वारीवर आला, तेव्हा विजापूरच्या आदिलशाही दरबाराने कान्होजींना फर्मान पाठवले आणि खानाला येऊन मिळण्यास सांगितले. फर्मान अर्थातच फारसीत होते. कान्होजी महाराजांच्याच बाजूला राहिले. या घराण्याने आपले जुने कागद पुढे अडीचशे वर्षे सांभाळले. त्यांत एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षावर्षाने लिहिलेली घटनांची यादी. या यादीत १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटना आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी घराण्यातील वंशजांनी ती लोकमान्य टिळकांकडे दिली आणि १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ साली झाला, असे बहुतेक पुस्तकांत छापले जाई. शकावलीत निराळी तिथी निघाली. तिच्या आधारे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली आणि आज शासन शिवजयंती याच तारखेला साजरी करते. ते कागद कोणी रद्दीत घातले असते, तर पुस्तकांतील साल कदाचित बदललेच नसते.

प्रत्येक घरात शकावली सापडत नाही, हे खरे. पण पेटीच्या तळाशी काहीतरी असतेच: जुनी सनद, घरपट्टीच्या पावत्या, लग्नाची पत्रिका, निकाहनामा, कोणाचे तरी मुंबईहून आलेले पोस्टकार्ड. भोर संस्थानाच्या काळातील कागद बहुधा मोडी लिपीत असतील. मोडी ही मराठी लिहिण्याची जुनी वळणदार लिपी. ती वाचणारा माणूस शोधावा लागतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ ही १९१० साली स्थापन झालेली संस्था आहे, तिथे अशा कागदांचे जाणकार भेटतात. मात्र पेटीत उर्दू पत्रे निघाली, तर बाहेर कोणाला शोधायची गरज नाही. ती वाचणारा घरातच आहे. घाईने लिहिलेली शिकस्ता अक्षरे असतील, तर दादीजवळ बसून वाचावीत. अनेक घरांत पुढच्या पिढीची शाळेची भाषा बदलली आणि आजोबांची पत्रे वाचणारे कोणी उरले नाही. तुम्हाला ती वाचता येतात, हे मोठे भाग्य आहे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू या. लागणारे साहित्य थोडे आहे: मोजपट्टी, चौकटीचा कागद, पेन्सिल, एक जाड वही आणि घरातील कोणाचा तरी मोबाइल फोन. सोबत एक मित्र किंवा बहीण हवी, कारण मोजपट्टीचे दुसरे टोक कोणीतरी धरावे लागते.

प्रथम दिशा ठरवा. जवळ होकायंत्र नसले तरी अडत नाही. घरात जानमाज कोणत्या बाजूला अंथरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यातून किब्ला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला आहे. त्यावरून कागदावर उत्तरेचा बाण काढा.

मग घराचा नकाशा काढा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर असे प्रमाण धरावे. ओसरी साडेचार मीटर लांब असेल, तर कागदावर साडेचार सेंटिमीटरची रेघ येईल. खोलीची लांबी-रुंदी मोजून थांबू नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतरे, म्हणजे दोन्ही कर्ण, मोजा. जुन्या घरांच्या खोल्या दिसायला काटकोनी असतात, पण दोन्ही कर्ण क्वचितच सारखे भरतात. कर्ण मोजले नाहीत, तर नकाशाच्या शेवटी भिंती एकमेकींना मिळत नाहीत आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. भिंतीची जाडी दरवाजाच्या चौकटीत मोजावी, तिथे ती उघडी दिसते. जिन्याच्या पायऱ्या मोजा आणि एका पायरीची उंची लिहा. माळ्यावर किंवा हलत्या जिन्यावर मोठ्या माणसाशिवाय चढू नका. आणि घरातील तिजोरी नकाशात दाखवू नका.

नकाशावर प्रत्येक जागेचे नाव लिहायचे आहे. इथे तुम्हाला एक गंमत दिसेल. मराठी घरात उर्दूचे किती शब्द राहतात! दिवाणखाना, जिना, मजला, कमान, हौद, तावदान, गिलावा आणि खुद्द नकाशा हे सगळे फारसी-अरबीतून आलेले शब्द. लाकडी फळ्यांच्या छताला मराठीत ‘तक्तपोशी’ म्हणतात, तो तर तुमचा ‘तख्तपोश’च. ओसरी, पडवी, माजघर, परसू, उंबरठा, तुळई हे मात्र मराठीचे स्वतःचे शब्द. ओसरी म्हणजे घराच्या पुढचा उघडा, छप्पर असलेला भाग. माजघर म्हणजे मधली खोली, जिथे घरातील बायकांचा बहुतेक दिवस जातो. परसू म्हणजे घरामागची मोकळी जागा. भिंतीत वस्तू ठेवण्यासाठी जी पोकळी ठेवतात, तिला तुम्ही ‘ताक’ म्हणता. मराठीत तिला ‘कोनाडा’ म्हणतात. मराठी शेजाऱ्याकडे ‘ताक’ मागितलेत, तर पेला भरून मिळेल.

‘खण’ हा शब्दही लक्षात ठेवा. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. जुनी माणसे घराचे माप खोल्यांत सांगत नसत, ‘पाच खणी घर’, ‘दहा खणी वाडा’ असे सांगत. खण सगळीकडे सारखा नसतो. म्हणून आपल्या घरातील एक खण किती फुटांचा आहे, तेही लिहावे.

घर किती जुने, हा प्रश्न सगळे विचारतात. “दोनशे वर्षे तरी झाली असतील,” असे चाचा सांगतील. ते वहीत लिहून घ्यावे, पण लगेच खरे मानू नये. घराला विचारावे. एखादे सुटलेले कौल उलटे करून पाहा. सपाट मंगलोरी कौलाच्या मागे कारखान्याचे नाव, कधी सालही उमटवलेले असते. अशा कौलांचा पहिला कारखाना मंगलोरला १८६५ साली बासेल मिशनने काढला. तेव्हा त्या आधीचे मंगलोरी कौल आपल्याकडे असणार नाही. याचा अर्थ घर त्यानंतरचे, असा मात्र नाही. घर जुने असेल आणि छप्पर नंतर बदललेले असेल. भिंतीतील दगड चुन्याने जोडले आहेत की सिमेंटने, तेही पाहा. आपल्या देशात सिमेंटचे उत्पादन खऱ्या अर्थाने १९१४ साली पोरबंदरला सुरू झाले. छताला लोखंडी तुळई असेल, तर तिच्यावर विलायती कंपनीचे ठळक नाव दिसते का, तेही पाहावे. एकाच घरात तीन काळांच्या खुणा सापडतात. आजोबांनी भिंत बांधली, मुलाने कौले बदलली, नातवाने मोरीत सिमेंट केले. घराचे एकच वय सांगता येत नाही, हे कळणे हीसुद्धा नोंदच आहे.

वेल्ह्याकडच्या घरांत अशा खुणा कमी सापडतात, कारण तिथली सामग्री जवळच्या रानातली. सह्याद्रीत कारवी नावाचे झुडूप उगवते. तिच्या सरळ काठ्या एकमेकींत गुंफतात आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपतात. अशा भिंतीला ‘कूड’ म्हणतात. पाऊस इतका जोराचा, की छपराचा उतार मोठा आणि पडवी खाली झुकलेली. गुरे घरातच, एका बाजूला. धान्यासाठी बांबूची लिंपलेली कणगी. असे घर लिहून ठेवणे वाड्यापेक्षाही निकडीचे आहे. वाडा पडला तरी दगडी जोते राहते. कुडाचे घर चार पावसाळ्यांत मातीला मिळते.

याचे उदाहरण भाटघर धरणावर दिसते. हे धरण भोरजवळ आहे आणि १९२८ साली पूर्ण झाले. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले, की वेळवंडी नदीच्या पात्रातील कांबरेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते. लोक ते पाहायला जातात. मंदिर दगडाचे, म्हणून इतकी वर्षे पाण्यात टिकले. पाण्याखाली गेलेली मातीची घरे कशी होती, हे सांगायला तिथे काही उरलेले नाही.

कधी घर पाहायला एक दिवससुद्धा मिळत नाही. वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे त्याच दिवशी कोसळले. कधी उलट होते, वाडा वर्षानुवर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत खचत जातो. पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. अगदी मोडकळीला आलेला हा वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. त्या मुली कोणत्या जिन्याने वर जात, हे आता पायऱ्या चढून पाहता येणार नाही.

माझ्या स्वतःच्या आजोळचे घर असेच गेले. कोणी एक रेघ काढून ठेवली नाही. फोटो आहेत, पण सगळे लग्नातले. त्यांत माणसे दिसतात, घर दिसत नाही. माजघरातला जिना डावीकडे वळत होता की उजवीकडे, यावर आम्हा भावंडांत अजून वाद होतो.

म्हणून फोटो काढताना माणसांना थोडे बाजूला उभे करा. प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून एकेक छायाचित्र घ्या. दाराची कडी, खांबाचे नक्षीकाम, कोनाडा यांचे जवळून फोटो घेताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे वस्तू केवढी होती ते कळते. फोटो फोनमध्येच ठेवू नका. फोन हरवतो, बिघडतो, विकला जातो. निवडक फोटो छापून घ्या आणि प्रत्येकाच्या मागे जागा आणि तारीख लिहा. कोरीव खांब आणि दरवाजे यांचे फोटो आधी घ्या. घर पाडायचे ठरले, की जुन्या लाकडाचे व्यापारी प्रथम त्यांच्यासाठीच येतात. तो खांब मग एखाद्या मोठ्या हॉटेलात शोभेला उभा राहतो. तिथे तो छान दिसतो, पण तो कोणाच्या घराचा भार पेलत होता, हे तिथे कोणी सांगू शकत नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम शेवटी सांगतो. ते आहे दादीला विचारणे. तिला एका जागी बसवून “घराची माहिती सांगा,” असे म्हटले, तर ती चार वाक्यांत संपवेल. तिच्याबरोबर घरातून हळूहळू चाला. प्रत्येक दारात थांबा. “इथे कोण झोपायचे? पाणी कुठून यायचे? वीज आली तेव्हा पहिला दिवा कुठे लागला? तुम्ही लग्न होऊन आलात, तेव्हा तुम्हाला प्रथम कुठे बसवले?” जागा पाहिली, की माणसाला आठवते. ती सांगेल, की ओसरीवर पावसाळ्यात शेजारच्या सगळ्या घरांचे कपडे वाळत. ती सांगेल, की त्या बंद खिडकीतून शेजारची जिजाबाई भाजी द्यायची आणि ईदला शीरखुर्मा त्याच खिडकीतून जायचा. खिडकी कोणी आणि का बुजवली, हेही विचारा. उत्तर मिळालेच पाहिजे असे नाही.

दादी एक सांगेल आणि चाचा दुसरेच सांगतील. अशा वेळी निवाडा करू नका. दोन्ही लिहा आणि कोणी काय सांगितले, तेही लिहा. ती बोलते त्याच भाषेत, तिच्याच शब्दांत लिहा. उर्दूत लिहिले तरी चालेल. मग एक प्रत मराठीतही करा, कारण गल्लीतील बाकीच्यांनाही ती वाचावीशी वाटेल.

सगळे तयार झाले, की एक प्रत घरात आणि एक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. पण त्याआधी नकाशा दादीला दाखवावा. ती चष्मा लावून तो बराच वेळ पाहील. मग माजघराच्या मध्यावर बोट ठेवून म्हणेल, “अरे, इथे पाळणा होता. तुझे अब्बा त्यात झोपायचे. तो कुठे काढलास?”

जी वस्तू आता त्या जागी नाही, ती नकाशात तुटक रेषेने दाखवतात. पेन्सिल घ्या आणि पाळणा काढा.